परीक्षेच्या आदल्या दिवशीचा परण्या

घरात ट्रम्पेट शिकणारं पोर असलं की काय काय सोसावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. माझी नात संगीत विद्यालयात पितळी वाद्यांच्या वर्गाला जाते. तिच्या वर्गातली दोन पोरंही सरावाला आमच्याकडेच यायची, कारण त्यांच्या घरच्यांनी त्यांना बाहेर काढलं होतं. एकाकडे ट्रम्पेट, दुसऱ्याकडे पुढं-मागं सरकणारा लांबलचक ट्रॉम्बोन. आमची खोली शिवाजी पेठेतल्या बोळात. ट्रॉम्बोन पुढं सरकला की कॅलेंडर खाली पडायचं.

गाणं वाजवतील तर शपथ. एकच सूर धरायचा आणि दम संपेपर्यंत ओढायचा. समोरच्या तालमीतला पैलवान विचारायचा, "आज्जी, म्हस अडली काय?"

"तीन हायत. धार काढायला ये."

वाजवून झालं की नळीत साठलेलं पाणी माझ्या पुसलेल्या फरशीवर सोडायची.

"आज्जी, थुकी न्हाय ती. वाफंचं पाणी हाय."

"वाफ तोंडातनंच आली न्हवं? पूस."

तिखटानं ओठ चुरचुरायचा म्हणून नातीला रश्शात पाणी घालून लागायचं. असला रस्सा मी उभ्या आयुष्यात कुणाला वाढला नव्हता. तोही वाढला.

त्यांचे सर फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. प्रवेशाच्या दिवशीच त्यांनी मला आणि माझ्या मुलाला समोर बसवून सांगितलं होतं. वाद्य विद्यालयाचं. परीक्षेत पास झालं तर ते पोराकडे राहणार, नापास झालं तर परत घेऊन दुसऱ्याला देणार. आणि लग्नाच्या मिरवणुकीत वाजवायचं नाही. रस्त्यावरच्या गोंगाटात पोरं जीव खाऊन फुंकतात, ओठ सुजतो, मग साधा सूरही लागत नाही. मी चौथी शिकलेली. मला कळलं. माझा धाकटा दीर पदवीधर आहे, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच्या शेंडेफळाचं लग्न जयसिंगपूरला, नेमकं परीक्षेच्या आदल्या दिवशी. तो घरी येऊन बसला.

"वैनी, घरात वाजवणारी पोर असताना बाहेरचा बँड कशाला? लोक हसतील की."

"भाऊजी, तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा हाय."

"मग सराव होईल की चांगला!"

अशा माणसाला काय बोलणार? माझा मुलगा काकापुढे मान खाली घालून बसला. शेवटी मारुतीच्या दारात एकच गाणं वाजवायचं, असं ठरलं. दिरानं लगेच त्या दोन्ही पोरांनाही जेवायचं आवतण दिलं. जेवायला वाद्यं घेऊन या म्हणाला, तिथंच मला समजायला पाहिजे होतं.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. दिरानं बँड सांगितलाच नव्हता. दोन हलगीवाले आणि आमची ही तीन पोरं. गुडघ्यामुळं मी मागं गाडीत बसले होते. कार्यालयाच्या दारातच ट्रम्पेट सुरू झालं. एक गाणं झालं, दुसरं झालं. देऊळ समोर दिसत होतं, पण नाचणारे जागचे हलेनात. "वन्स मोअर, वन्स मोअर!" दीर स्वतः फेटा सावरत नाचत होता.

मी गाडीतून उतरले आणि वाट काढत पुढं गेले. नातीचा चेहरा लालबुंद झालेला. वरच्या ओठावर लाल गोल वळ, आणि ओठ वड्यासारखा फुगलेला. वर हसत होती.

"आज्जी, एवढं एकच."

मी तिच्या ट्रम्पेटचा माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा तो तुकडा, उपसून काढला. पोरांचेही काढले. तिन्ही पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले. त्याच्याशिवाय ते वाद्य म्हणजे नुसती पितळेची नळी.

"वैनी, पावणं बघायलेत!" दीर ओरडला.

"बघू देत. उद्या परीक्षेला तुम्ही बसणार हाय काय?"

मग हलगीवाल्यांनी एकमेकांकडे बघून जोरात काठी मारली आणि वऱ्हाडी पोरं पहिल्यासारखीच नाचायला लागली. ट्रम्पेट बंद पडलं याचं कुणाला काहीच वाटलं नाही. नातीला मी केलेल्यापेक्षा तेच जास्त लागलं. जेवली नाही. परतीच्या वाटेवर म्हणाली, "वर्गात कोण नाचतंय व्हय माझ्या वाजवण्यावर? आज नाचत होते." ओठाला बर्फ लाव, एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विद्यालयाच्या दारात मी तिघांचे माउथपीस त्यांच्या हातात दिले. सरांनी नातीचा ओठ बघितला आणि तिला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून मी सगळं ऐकत होते. खालचे सूर बरे निघाले. वर चढायला गेली की सूर फाटायचा. तिनं तीनदा प्रयत्न केला, मग थांबली. दुसरा ट्रम्पेटवाला पोरगाही असाच अडकला. ट्रॉम्बोनवाला पास झाला. त्याचा माउथपीस मोठा, ओठावर कमी दाबतो म्हणे. तिघांत आळशी तोच.

नातीनं ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि सरांच्या टेबलावर ठेवून आली. सर म्हणाले, त्याच वर्गात पुन्हा बसता येईल, वाद्य मात्र कुणी सोडलं तरच मिळेल. तोवर नुसतं ऐकायचं. आता ती रिकाम्या हातानं जाते आणि दुसऱ्यांचं ऐकून येते. सरावाला आता कुणी येत नाही, माझी फरशी कोरडी असते. त्याचा मला काडीचा आनंद नाही.

परवा दिराचा फोन आला. नव्या सुनेची पहिली पूजा आहे, पोरीला घेऊन या.

"वाजवंल जरा," तो म्हणाला.

"कशावर वाजवंल? ट्रम्पेट काढून घेतलं तिचं."

"मग कुणाचं तरी मागून आणा की, वैनी. एका दिवसाचा तर प्रश्न."

मी तोंड उघडायच्या आत नातीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"येतो की आबा. पण जेवायलाच," म्हणाली, आणि फोन मला देऊन वर्गाला गेली.