आजीच्या अंगात आलं तेव्हा

डॉक्टरांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकानं मेंदूचा डावा भाग दाखवला.

"इथं रक्त पोचलेलं नाही. गुठळी अडकली आहे. याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. सुरुवातीच्या काही तासांत आणलं असतं, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आता ती वेळ गेली." मग त्यांनी विचारलं, "सकाळपासून काय करत होतात?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर कुंकवाचा मळवट तसाच होता.

"आरती," मी म्हणाले.

हे लिहायचं कारण एवढंच, की तुमच्या घरात असं काही घडलं तर तुम्ही आरती करू नये. बाकी कुणाला बरं वाटावं म्हणून मी लिहीत नाही.

आधी आजी कोण होती ते सांगते. तिचं माहेर मेंढरंवाल्यांचं. लहानपणी ती बापाच्या कळपामागं गोदावरीच्या काठाकाठानं पार तेलंगणापर्यंत चालत जायची. वर्षाचे कितीतरी महिने वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तिकडच्या शेतांत बसायचा. तिथं ती तेलुगू शिकली. बिदरच्या बाजूला गेली तेव्हा कानडी उचलली. दखनी उर्दू तर तिला घरच्यासारखी होती. लग्न होऊन भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी आली, मेंढरं सुटली, शेती आली, पण पायाची भिंगरी काही थांबली नाही. तिरुपती, रामेश्वर, काशी, पुरी, सगळं तिनं एसटीनं आणि रेल्वेच्या साध्या डब्यातून केलं. देवदर्शन हे निमित्त. परत आल्यावर देवाबद्दल दोन वाक्यं सांगायची आणि डब्यात भेटलेल्या बाईबद्दल तासभर.

"मीठ आन् पाणी मागता आलं की मुलूख आपला," असं ती म्हणायची. काकांच्या घरात फरशी बसवायला बिहारी कारागीर आले होते, तर फरशी पुरी व्हायच्या आत ती त्यांच्याशी भोजपुरीत भांडायला लागली होती.

नातवंडांत तेलुगूची गोडी फक्त मला लागली. मेंढरं मोजायची, कुत्र्याला हाकलायची, पोराला रागवायची तेलुगू. मोडकीतोडकी, पण आमच्या दोघींची. काका तिचे पोटचे, पण त्याला "म्हातारीची बडबड" म्हणायचे. जन्मभर त्यांनी तिला हेच ऐकवलं.

नवरात्र होतं. आजीचा उपास. सकाळी ती घटापुढं बसली होती. बसल्या बसल्या झुलली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि ती मराठी सोडून भलतंच काही बोलायला लागली. आवाज जड, घोगरा. काकूनं किंकाळी फोडली. शेजारच्या बाया आल्या. त्यातली एक म्हणाली, "माहूरची आई हाय वो. माहूरच्या पल्याडची बोली हाय ही!" माहूरच्या पल्याड तेलुगू बोलतात, एवढं त्या बाईला बरोबर ठाऊक होतं. अर्धवट ज्ञानाचा असा उपयोग मी दुसरा पाहिला नाही.

मी जालन्यात शाळेत शिकवते. काकांचा फोन आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. आवाजात आनंद मावत नव्हता.

"आजीच्या अंगात देवी आली गं! सकाळपासून उतरलीच न्हाई. अख्खं गाव दर्शनाला येऊन राह्यलं. तू जल्दी ये."

मागं झांजांचा आवाज होता. त्यातून आजीचा आवाज आला. "चेय्यि लेदु. ना चेय्यि लेदु." हात नाही. माझा हात नाही.

मी ओरडले, "काका, ती तेलुगू बोलतेय! तिचा हात गेलाय. लकवा आहे तो, आत्ता दवाखान्यात आणा."

"कायच्या काय बोलू नको. तिची तेलगू अशी असती व्हय? आरती होऊ दे, मंग बघू."

तीस-चाळीस वर्षं जी बोली घरात कानावर पडली, ती या माणसाला देवीची वाटली. तसं वाटायला ती एकदाही ऐकलेली नसावी लागते.

रुग्णवाहिका मीच फोन करून पाठवली. ती पोचली तेव्हा बायांनी दार अडवलं. ओटी भरल्याशिवाय देवीला हलवायचं न्हाई. पुढचं मला काकूनं नंतर सांगितलं, तेही मान खाली घालून. ओटीचा नारळ आजीच्या उजव्या हातात दिला, तो घरंगळला. पुन्हा दिला, पुन्हा घरंगळला. लुळा हात नारळ कसा धरणार? पण जमलेल्यांनी कौल लावला की देवी ओटी घेत नाही, आपलं काहीतरी चुकलं. मग आरती पहिल्यापासून सुरू झाली. ड्रायव्हर बिचारा दारात चपला काढून उभा.

जालन्याला येताना राजूरला काकांनी गाडी थांबवून गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले. मी दवाखान्याच्या दारात उभी होते.

आयसीयू, मग जनरल वॉर्ड. नाकातून नळी, कारण गिळताना ठसका लागायचा. एमआरआय, रक्त, कोलेस्टेरॉल यांचे कागद. उजवी बाजू गेली ती गेलीच. डॉक्टरांनी आणखी एक शब्द शिकवला, अफेझिया. मेंदूतल्या भाषेच्या जागेला इजा झाली की माणसाला शब्द सापडत नाहीत. वेड लागलेलं नसतं. आत सगळं जागेवर असतं, फक्त बाहेर यायची वाट बंद झालेली असते.

"अनेक भाषा येणाऱ्या माणसाची कधीकधी एकच भाषा शाबूत राहते," ते म्हणाले. "त्या भाषेत बोलता येतंय ना, मग तिच्यातच बोला."

आजीची मराठी बुडाली होती. कानडी, दखनी, भोजपुरी, सगळं गेलं. बापाच्या कळपामागं उचललेली तेलुगू तेवढी तुकड्या-तुकड्यानं उरली होती. एवढा मुलूख हिंडलेल्या बाईला बोलायला जगात एक मी उरले.

स्पीच थेरपीला, म्हणजे बोलण्याच्या व्यायामाला, चित्रांची कार्डं होती. आंब्याचं चित्र दाखवलं. आजी कष्टानं म्हणाली, "मामिडि." थेरपीच्या मॅडमनी फुली मारली. मी म्हटलं, "बरोबर आहे ते, तेलुगूत आंबाच." मॅडम म्हणाल्या, "पण आमचा चार्ट मराठी आहे." माणसापेक्षा चार्ट मोठा, हे मला शाळेतही दिसतं, नवल वाटलं नाही. पण आजीनं ती फुली पाहिली. त्या दिवशी ती पुन्हा बोलली नाही.

घरी नेल्यावर तर खरा वनवास. काका तिला माझ्याकडं राहू देईनात, लोक काय म्हणतील. मी दर शनिवारी जायचे. खाटेजवळ अजूनही कौल मागायला येणाऱ्यांच्या नारळांचा ढीग. कुणाला लेकाच्या नोकरीचं विचारायचं असे, कुणाला नातवाच्या लग्नाचं. आजी भिंतीकडं तोंड करून पडायची. काका येणाऱ्यांना सांगायचे, "देवी होती तंवर म्हातारी ताठ बसल्ती. दवाखान्यात नेलं आन् देवी गेली." म्हणजे दोष कुणाचा? माझाच.

मी तिच्याशी तेलुगूत बोलायचे. मेंढरं मोजायची, कुत्र्याला हाकलायची तेलुगू. त्यापलीकडं मला येतच नव्हतं. एकदा तिनं डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि कळपातल्या कोकरांना बोलवायची ती हाक मारली. तेवढा एक शनिवार चांगला गेला.

उन्हाळ्यात छातीत कफ भरला. गिळताना अन्न फुफ्फुसात गेलं की होतो तो न्यूमोनिया. यावेळी काकांनी लगेच आणलं, पण अंगात काही उरलं नव्हतं.

आता तिचा फोटो देव्हाऱ्यात आहे, मळवट भरून. मी पाया पडत नाही. आभार मानायचेच तर त्या डॉक्टरांचे, ज्यांनी "तिच्यातच बोला" म्हटलं. बाकी कुणाचे मानायला माझी जीभ वळत नाही.

तुम्हाला सांगते ते एवढंच. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड किंवा भलतं झालं, तर घड्याळ बघा आणि मोठ्या दवाखान्यात पळा. देवी असेल तर ती दवाखान्यातही येईल. आणि घरातलं माणूस बोलत असतं, तेव्हा धडधाकट असतानाच ऐकायची सवय ठेवा.

त्या सकाळचा व्हिडिओ काकांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. शंभर जणांनी हात जोडले होते. तो बघायची हिंमत मला ती गेल्यावर झाली. बाया रांगेनं तिच्या पायावर डोकं ठेवतात, "आई, आमचं काय चुकलं?" विचारतात, आणि आजी प्रत्येकीला तेच तेच उत्तर देते. झांजा थांबतात तेव्हा ते स्पष्ट ऐकू येतं. काकांनी खाली लिहिलं होतं, 'आईचा आशीर्वाद.'

ती तेलुगूत म्हणत होती, "पाया नका पडू. उचला मला."