कासवाचं ऐकणारे सर

खुर्चीत बसल्यावर सर आधी खुर्ची पुढे ओढायचे, मग चार बोटं मागे सारायचे, मग पाठ टेकवून बघायचे. डावीकडे मान, उजवीकडे मान. समोर टीव्ही, हातात गेमचा कंट्रोलर, आरसा कुठेच नाही. तरी कपाळाजवळ हात नेऊन ते नसलेला आरसा नीट करायचे. मग पडद्याकडे बघून म्हणायचे, "हं. बोला."

बोलणारं असायचं एक कासव.

सरांनी माझं उलव्याचं काम घालवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलंही बोलणार आहे आणि तुमचा समज होईल की मी ते विसरलो. विसरलेलो नाही.

कामोठ्यात माझा गाळा आहे. सहा टीव्ही, सहा मशिनी, एक एसी, तासावर गेम खेळायला मिळतात. पनवेलला फुटपाथवर टेबल टाकून मी मोबाइल दुरुस्त करायला बसलो, तिथून इथवर आलो. मला कोणी काही शिकवलं नाही. पहिले कितीतरी मोबाइल बिघडवले आणि त्यातूनच शिकलो. भाव करायला धंद्याने शिकवलं, भांडायला तर उपजतच येतं.

तेव्हा दुकानात एकच गेम जोरात चालायचा. अंधाऱ्या राज्यात एक मुलगी तेलाचा दिवा घेऊन हरवलेली नदी शोधायला निघते. कंट्रोलर हातात तिरका केला की पडद्यावर तिचा दिवाही तिरका होतो आणि तेल सांडतं. याला मोशन कंट्रोल म्हणतात. ज्याला ते नको, त्याने सेटिंगमध्ये बंद करून अंगठ्याने कंट्रोलरवरची काडी फिरवायची. सुरुवातीला एक म्हातारं कासव तिला सगळं शिकवतं. एक वाक्य बोलतं, डोळे मिटतं, उघडतं, मग पुढचं बोलतं. शिकवणी पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं. तासाचे पैसे भरून आलेला माणूस त्यातली चाळीस मिनिटं कासवाला देईल का?

म्हणून मी एका ओळखीच्याकडून कासवाची शिकवणी आधीच पार केलेल्या खेळाची फाइल मिळवली आणि सगळ्या मशिनींवर टाकून ठेवली. गिऱ्हाईक बसलं की थेट जंगलात. 'तयार फाइल' हे माझ्या दुकानाचं वैशिष्ट्यच झालं होतं.

सर दोन गाळे सोडून असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. भर दुपारी दोन ते चार शिकायला कोणी येत नाही. पहिल्या दिवशी ते एसीसाठी आले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. थोडा वेळ मागे उभं राहून इतरांचा खेळ बघितला आणि मला विचारलं, "हे सगळे न शिकताच हायवेला लागलेत का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तयार फाइल बाजूला ठेवली, नवा खेळ उघडला आणि कासवासमोर बसले. कासव काही म्हणालं की मान हलवायचे. "कळलं. पुढे?" शिकवणी संपली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"सर, कालच झालं ना हे?" मी विचारलं.

"काल मी ऐकलं. आज हात ऐकतोय."

यावरून दुकानात रोज वाद. हरेश उलव्याकडच्या गावातला, रेती-सिमेंटचा धंदा, मनगटात जाड कडं. जेवण झालं की तास दोन तास माझ्याकडे. तो ओरडायचा, "आवो सर, तं कासव बोलतंय कती! आमाला येवरा टाइम हाय का?"

"हरेशशेठ, आज दरीत कितीदा पडलात?"

"मोजलं नाय."

"मी मोजलं. सतरा वेळा. तेवढ्यात कासवाचं सगळं सांगून झालं असतं."

पूर्वा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सकाळची पाळी संपवून यायची. तिचं भांडण मोशन कंट्रोलशी. "सर, नुसता ड्रामा आहे हा. अंगठ्याने होतंय त्याला अख्खा खांदा कशाला हलवायचा?"

"अंगठ्याला कुठे कळतं, दिवा जड आहे ते?"

"जड? अहो, तो टीव्हीत आहे!"

सगळे हसले. सरही हसले. "टीव्हीत आहे, कबूल. पण तेल सांडतंय ना?"

सर खेळताना दिव्याबरोबर अंगाने झुकायचे. वळण आलं की डावा पाय खाली दाबायचे, तिथे क्लच असल्यासारखा. हे बघायला लोक स्वतःचा खेळ थांबवायचे. माझ्या दृष्टीने तो तोटाच होता, तरी मीही बघायचो.

एकदा हरेशने दिवा वर करायला हात असा उगारला की कंट्रोलर सुटून चार नंबरच्या टीव्हीत घुसला. त्याच दिवशी मी सगळ्या मशिनींवरचं मोशन बंद केलं. सर म्हणाले, "दोन नंबरवर राहू दे. मी सोडत नाही हातातून."

फुकट काही द्यायची मला सवय नाही. "मला काय मिळेल?"

ते म्हणाले, "तुला गाडी शिकवतो."

सौदा माझ्या फायद्याचा होता. सेकंडहँड टेम्पो घ्यायचा, त्यात टीव्ही आणि मशिनी भरायच्या आणि सोसायट्यांच्या कार्यक्रमात जाऊन खेळ लावायचे, हे मी कधीपासून डोक्यात ठेवलं होतं. ड्रायव्हर ठेवला की धंदा त्याच्या वेळेवर चालणार. मला गाडी स्वतःच चालवायची होती.

शिकताना मी गिअरवर ओरडायचो, रिक्षावाल्यांवर ओरडायचो, गाडी बंद पडली की गाडीवर ओरडायचो. सर म्हणायचे, "तिला ऐकू येत नाही. मला येतं. हळू बोल." पुढे जाणं मला पटकन जमलं. म्हणून शेवटचे धडे मी बुडवले. तेवढ्या वेळात टेम्पोचा व्यवहार उरकला.

आणि उलव्याचं काम आलं. तिथली एक मोठी सोसायटी, तीन दिवसांचा मेळावा. सेक्रेटरी म्हणाले, तुमचं जमलं तर शेजारच्या सोसायट्याही तुमच्याच. अट एकच, गाडी स्वतःची आणि कागद पूर्ण. लायसन्ससाठी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागत होता, त्यावर सरांची सही. हातात थोडेच दिवस होते. दुसरीकडे गेलो असतो तर मिळालाही असता, पण नाही म्हणू शकणाऱ्या माणसाकडूनच हो काढण्यात मला धंद्याची मजा वाटते.

दुपारी सर दोन नंबरवर बसले असताना मी कागद पुढे केला. त्यांनी खेळ थांबवला, कागद वाचला, उलटून मागची बाजूही बघितली.

"रिव्हर्स येत नाही तुला."

"उलव्याला पुढेच जायचंय मला. येताना यू-टर्न मारीन."

हरेश हसला. सर हसले नाहीत. "सोसायटीच्या गेटात टेम्पो मागे घेशील, तेव्हा चाकामागे एखादं लहान मूल असेल. आरशात दिसत नाही ते. सही नाही करत मी."

मी भाव वाढवला. "दोन नंबर तुमची. वर्षभर, दिवसभर. मोशन चालू."

आजवर मी कोणाला दिलेला हा सगळ्यात मोठा भाव होता. सर म्हणाले, "मशीन तुझी आहे, तुझ्याकडेच राहू दे. सहा धडे राहिलेत. ये आणि शिक."

सगळ्यांसमोर. माझ्याच दुकानात. माझं डोकं फिरलं. "मला शिकवायचं नाही! मी कोणाकडून न शिकता इथवर आलोय. चालते व्हा इथून."

सर म्हणाले, "एक मिनिट. सेव्ह करू दे." त्यांनी खेळ सेव्ह केला, कंट्रोलर जागेवर ठेवला, पुढच्या माणसासाठी खुर्ची सरळ केली आणि गेले.

उलव्याचं काम खांदेश्वरच्या एका गेमवाल्याला मिळालं. शेजारच्या सोसायट्याही त्यालाच. माझा टेम्पो गाळ्यामागे उभा.

पुढच्या पंधरवड्यात माझं अख्खं गिऱ्हाईक गेममधल्या एकाच जागी येऊन अडकलं. पाण्याखालचा दगडी दरवाजा. तो कसा उघडायचा ते कासवाने सुरुवातीला शिकवलेलं, आणि माझ्या दुकानात कासव कोणी ऐकलंच नव्हतं. पूर्वाने काडी सगळीकडे फिरवून बघितली. मी मोशन चालू करून दिलं, तर हरेशने गोफण फिरवावी तसा कंट्रोलर फिरवला. दरवाजा हलेना. नेटवरचे व्हिडिओ बघितले. प्रत्येकात मुलगी दरवाज्यापुढे उभी राहते आणि दरवाजा उघडतो. खेळणाऱ्याचे हात काय करतायत, ते कोणत्याच व्हिडिओत दिसत नाही.

लोक कंटाळून येईनासे झाले.

"दादा, सरांना विचारा ना," पूर्वा म्हणाली. "दोन गाळे सोडून तर बसतात."

"मेलो तरी विचारणार नाही."

"मग कासवाला विचारा."

ती चिडवत होती, पण मी खरंच बसलो. भर दुपारी, सगळ्यांसमोर, नवा खेळ उघडून. कासव बोलायला लागलं. मी बटण दाबून त्याला पळवायला बघत होतो, ते पळेना. शेवटी त्याने दरवाज्याचा धडा काढला. 'हात स्थिर ठेव. ज्योत सरळ होईपर्यंत थांब.'

बस, एवढंच. मी हात धरला. ज्योत डुलली. कासव म्हणालं, 'पुन्हा.' पुन्हा धरला. 'पुन्हा.' मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'पुन्हा.' तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझा हात कधीच स्थिर नसतो. भाव करताना, भांडताना, गिऱ्हाइकाशी नुसतं बोलतानासुद्धा तो हवेत काहीतरी कापत असतो. मी कोपर मांडीवर टेकवलं. श्वास मोजले. किती वेळ गेला माहीत नाही. ज्योत उभी राहिली.

मग हरेशचा कंट्रोलर घेतला, त्याच्या अडकलेल्या खेळात दरवाज्यापुढे गेलो आणि काहीच न करता थांबलो. दगड सरकला.

"काय केलास रं?" हरेश खुर्चीतून उठला.

"काही नाही केलं."

टाळ्या पडल्या. माझी मान आपोआप दोन नंबरकडे वळली. खुर्ची रिकामी होती.

त्याच संध्याकाळी मी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभा राहिलो. माफी मागायची म्हणून शब्द जमवत होतो, तोंडातून निघालं ते, "रिव्हर्स शिकायचाय."

सरांनी वही उघडून माझं पान काढलं. "उद्या सकाळी सहाला. सहा धडे."

उलव्याच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर त्यांनी पाण्याच्या बाटल्या मांडल्या आणि मला त्यांच्यामधून मागे घ्यायला लावलं. बाटली पडली की स्वतः उतरून उभी करायचे. सहाचे अकरा धडे झाले. अकराव्या दिवशी मी न मागता त्यांनी सही केली. पुढे लायसन्सही मिळालं.

"सर, आता दुकानात या. दोन नंबर तशीच आहे."

"तिथून एकदा निघालोय मी." रागाने नाही, रस्ता सांगावा तसं सांगितलं.

मी रोज नवा भाव लावला. नवी खुर्ची देतो म्हणालो. कासव आता मी कोणालाच वगळू देत नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. तयार फाइल मी काढून टाकली होती, पहिली चाळीस मिनिटं मोफत केली होती. सर ऐकून घ्यायचे, "चांगलं केलंस" म्हणायचे आणि माझ्या दारावरून पुढे जायचे.

मग एक दिवस त्यांच्या जागी दुसराच माणूस दिसला. स्कूलच्या मालकाला चटकन सही करणारा हवा होता. सर माणगावच्या पुढे, गावी गेले. हे मला पूर्वाने सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी ते लॅबमध्ये जाऊन तिला भेटले होते. मला नाही भेटले. उलव्याच्या कामापेक्षा हे जास्त लागलं.

पण मी गप्प बसणारा नाही. दुकानात येत नाही म्हणतात ना? ठीक आहे. गेल्या रविवारी टीव्ही, मशीन, दोन कंट्रोलर टेम्पोत भरले आणि निघालो. वाटभर दोन वाक्यं पाठ करत होतो. पहिलं, तुमच्यामुळे माझं काम गेलं. दुसरं, त्या दिवशी मी चुकलो. याच क्रमाने.

घराला कडी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मास्तर शाळेच्या मैदानात असतील. आमच्या सुनेला स्कूटर शिकवतायत. हाक मारू का?"

"नको, मी जातो."

मैदानाच्या कडेला टेम्पो लावला. पलीकडे स्कूटरवर एक बाई, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, थरथरत पुढे चाललेली. मागून सर चालत होते. त्यांचा हात सीटपासून वीतभर लांब होता, धरलेला नाही, काढलेलाही नाही. बाई तोल जाऊन थांबली. सरांनी काहीतरी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

माझा हात हॉर्नवर गेला होता. तो मागे घेतला, इंजिन बंद केलं आणि टेम्पोच्या पायरीवर बसलो. फेऱ्या अजून बऱ्याच बाकी दिसत होत्या.