फिकट वाण

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत शेवाळाच्या बशा सांभाळायचं काम काकू एकोणीस वर्षं करत होत्या. दर तीन आठवड्यांनी जुन्या बशीतलं कणभर शेवाळ तारेच्या टोकावर उचलायचं, नव्या बशीवर ओढायचं, तारीख घालायची. रजा घ्यायची तर आधी बशांची सोय, मग घरची. "माझ्या आईचं एवढं केलं नाहीस," नवरा म्हणायचा.

त्यातला एक वाण अधू होता. एरवी या शेवाळाच्या प्रत्येक पेशीत एकच हरितलवक असतं आणि त्याचा स्वतःचा डीएनए आठ-दहा ठिकाणी विखुरलेला असतो. रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की तेवढे ठिपके चमकतात. लवक दुभंगलं की दोन्ही अर्ध्यांना थोडे थोडे मिळतात. या वाणात मात्र सगळ्याचा एकच गठ्ठा. तो जातो एकाच्या पदरात, दुसऱ्याच्या हाती जवळजवळ भोपळा. "थोरल्याला घर, धाकट्याला उंबरा," काकू नव्या मुलांना सांगत. धाकट्याला ती उणीव भरून काढायला वेळ लागे, म्हणून हा वाण फिकट, रडतखडत वाढणारा.

त्यावर एक मुलगी चार वर्षं पीएचडी करत होती. तिने पेशींना एक औषध दिलं आणि गठ्ठा सुटून ठिपके पांगले. सर खूश. शुक्रवारी सगळ्या विभागासमोर मांडायचं ठरलं.

बुधवारी काकू याच वाणाची नवी बशी करायला बसल्या. शेवाळ तजेलदार होतं, इतकं की त्यांना खटकलं. औषध न दिलेल्या त्या बशीतला कण त्यांनी रंग घालून पाहिला. तिथेही ठिपके पांगलेले.

भाजी निवडताना काकूंच्या हातून एक पिवळं पान सुटत नसे. बशीतूनही त्यांचा हात आपसूक सगळ्यांत हिरव्या ठिकाणी जाई. एखादी पेशी कधीतरी आपोआप सुधारली असणार. त्यांनी तिचाच वंश चालवला होता. औषधाने काही केलंच नव्हतं. मुलीने तुलनेला औषध न दिलेल्या पेशींचे दोन वर्षांपूर्वीचे फोटो वापरले होते, ताज्या पेशी पाहिल्याच नव्हत्या. काकू गप्प राहिल्या असत्या, तर शुक्रवार सुखरूप पार पडला असता.

मुलगी डबा उघडत होती.

"जेवून घे आधी," काकू म्हणाल्या.

"का? सर आलेत?"

"जेव म्हटलं ना."

तिने डबा तसाच ठेवला आणि काकूंमागून जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"औषधवाली ना ही?"

"नाही. साधी."

तिने बशीवरची चिठ्ठी दोनदा वाचली. "बशी बदलली असेल."

"बशी तीच आहे. मी चांगलं तेवढं उचलत गेले."

"काकू, चार वर्षं."

"माहितेय. सरांना मी सांगते. तू मागे उभी राहा."

"मुलगी दाखवायला नेताय का, मी मागे उभी राहायला?" ती म्हणाली, आणि मग रडली.

काकूंनी सांगितल्यावर सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. शुक्रवार रद्द झाला. मूळ वाण बाहेरच्या संग्रहातून पुन्हा मागवला. तो यायला दीड महिना लागला. मुलीचं वर्ष पुढे गेलं. तोवर ती काकूंशी कामापुरतंच बोलली.

वाण आला त्या दिवशी ती शेजारी येऊन उभी राहिली. काकूंनी तार ज्योतीत धरली, गार होऊ दिली.

"तो कण नको. फार हिरवा आहे."

"मी कुठे हात लावला?"

"लावणार होतात."

"बरं बाई," काकू म्हणाल्या, आणि तार फिकट कडेला टेकवली. "गठ्ठा दिसतो का बघ. तू हो म्हणालीस की मगच तारीख घालते."