'जातो' म्हणायची चोरी

सकाळी आठची वेळ. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या डिस्पेन्सरीचा ओटा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से, या दोन गोष्टी तिथे कुणी टाकून देत नसे. दोन्ही साचत गेल्या. बाटल्या कंपाउंडर रघुनाथच्या वाट्याला, किस्से माझ्या. मी साप्ताहिकाचा बातमीदार. बी. ए. होऊनही वकिली न करणारा ठाण्यातला एकमेव मूर्ख, असं आमचे डॉक्टर भास्करराव म्हणत. बातमी नसली की मी ओट्यावर गप्पा मारायला बसे, असली की भांडायला.

यातले बरेच किस्से गोदाताईंचे. बाई तिशीतल्या, हुशार, हाताला चव. नवरा रेल्वेत तारमास्तर, तिकडे भुसावळला. अर्धं घर यांचं, अर्धं दीर विनायकरावांचं. गोदाताईंना माणूस आवडला की तो देव. तोच उठून निघाला की राक्षस. आपल्याला सगळे सोडून जाणार, ही धास्ती त्यांच्या हाडात बसलेली. मग आदळआपट, मग रडणं, मग खाडीत जीव देण्याची भाषा. दुसऱ्या दिवशी शरमेने मान वर होत नसे.

विनायकरावांनी ठरवलेलं, वहिनीला मुंबईच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं. त्यासाठी गोऱ्या सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट हवं होतं. भास्कररावांनी ठरवलेलं, धाडू द्यायचं नाही. आमच्या ओट्यावरचा सगळा झगडा हा एवढाच!

*

सुरुवातीला भास्कररावांनाही काही उमगलं नव्हतं. एका सकाळी ते घरी तपासायला गेले, तर बाईंनी त्यांना धन्वंतरी म्हटलं, ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. तेवढ्यात बाळंतिणीकडून बोलावणं आलं, आणि डॉक्टर न सांगता उठले. मागून औषधाची बाटली आली ती थेट पाठीत.

डिस्पेन्सरीत रघुनाथ त्यांची पाठ शेकत होता. मी विचारलं, औषधाचा काही उपयोग?

रघुनाथ म्हणाला, "लागू पडलं ना."

*

मग विनायकरावांनी कल्याणहून देवरुषी आणला. त्याने लिंबाचा पाला फिरवून दरडावलं, "कोण आहेस तू? बोल!"

"मी गोदा," बाई म्हणाल्या. "तू कोण? जेवलास का?"

तो जेवला. दुपारी जेवला, रात्री जेवला. बाईंना तो थोरल्या भावासारखा वाटू लागला. तो निघायला उठला की त्या असा हंबरडा फोडत की त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. अखेर मागच्या परड्यातून निसटून गडी डिस्पेन्सरीत आला आणि डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहिला.

"डॉक्टर, मला सोडवा. मला बाईंनी धरलंय."

*

सिव्हिल सर्जन साहेबाची पहिली भेट याहून वाईट गेली. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला, त्याचा त्याला अभिमान. अर्धा तास बाईंशी नीट बोलला. उठताना शुद्ध उच्चारात म्हणाला, "बाई, मी जातो."

दौत भिंतीवर फुटली. साहेबाची पांढरी विजार निळी झाली. विनायकरावांचा चेहरा खुलला.

बाहेर येऊन भास्कररावांनी समजावलं, की आमच्यात कुणी 'जातो' म्हणत नाही. अभद्र मानतात. 'येतो' म्हणायचं. आणि या बाईला तर तो शब्द सुरीसारखा लागतो.

साहेब म्हणाला, "पण मी जातच होतो."

"हो. पण म्हणायचं 'येतो'."

साहेब विजारीकडे पाहत राहिला. "म्हणजे तुमच्या मुलखात जाणारा मनुष्य येतो म्हणतो, आणि वेडी ती बाई?"

या एका वाक्यासाठी मी त्या साहेबाला माझ्या साप्ताहिकातून सहा महिने शिव्या दिल्या नाहीत.

*

भास्कररावांचा इलाज बाटलीत मावणारा नव्हता. दर गुरुवारी चार वाजता जायचं, साडेचारला उठायचं. बाईंनी देव म्हटलं तरी जास्त बसायचं नाही, राक्षस म्हटलं तरी लवकर उठायचं नाही. निघताना 'गुरुवारी येतो' म्हणायचं, आणि यायचंच. दोन्ही पदव्या ते बाईंना नम्रपणे परत करत.

खाडीचं नाव निघालं त्या दिवशी मात्र ते साडेचारला उठले नाहीत. विनायकराव दारातून म्हणाले, हे तिचं नेहमीचं नाटक आहे.

"नाटक की खरं, ते ओळखायला मी ज्योतिषी नाही," डॉक्टर म्हणाले. "मी बसतो." शेजारच्या मावशी रात्रीच्या सोबतीला येईपर्यंत ते बसून होते.

त्या दिवशी त्यांनी बाईंना विचारलं, राग चढतो तेव्हा हात काय मागतात? बाई म्हणाल्या, काहीतरी गरगर फिरवावंसं वाटतं. मग ठरलं. कुणी 'जातो' म्हणालं की बोलायचं नाही, फेकायचं नाही, जात्यावर बसायचं. राग उतरला की उठायचं.

पहिल्या महिन्यात दोन वेळा भांडी तरीही उडाली. पण पुढे नवरा रजेवर येऊन परत गेला की आख्ख्या आळीला आठवडाभर पीठ पुरू लागलं. शेजारणी विचारू लागल्या, "गोदाताई, तारमास्तर पुन्हा कधी जायचेत? बाजरी पडून आहे."

*

विनायकरावांनी साहेबाला पुन्हा बोलावलं. सकाळचे दहा. ओसरीवर साहेब, भास्करराव आणि मी, दाराआड गोदाताई. साहेबाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नेमकं उत्तर आलं. तसे विनायकराव उठले.

"बरं वहिनी, मी जातो," ते मोठ्याने म्हणाले. "दादाही भुसावळला कायमचा गेला समजा. डॉक्टरही बदलून जाणार आहेत. सगळे जाणार. मीही जातो."

दाराआड बांगड्या वाजल्या. पावलं आत गेली. भास्कररावांनी डोळे मिटून घेतले. क्षणभराने आतून घरघर सुरू झाली.

साहेबाने विचारलं, हा कसला आवाज?

डॉक्टरांनी डोळे उघडले. "बाई औषध घेतायत."

घरघर थांबेपर्यंत साहेब बसून राहिला. बाई परत आल्या, हात पिठाने पांढरे. साहेबाने टोपी उचलली आणि जपून म्हणाला, "बाई, मी येतो." सर्टिफिकेट देणार नाही, हे त्याने विनायकरावांना अंगणात इंग्रजीत सांगितलं. आळीला ते मी मराठीत सांगितलं.

दारात बैलगाडी उभी होती, मुंबईच्या आगगाडीसाठी बाईंना स्टेशनवर पोचवायला. गाडीवाला हटून बसला. "सकालचे सहा वाजल्यापासना उबा हाय. रिकामी गारी नेवाची नाय. कोनाला तरी बसवा."

गोदाताई उंबऱ्यापर्यंत आल्या.

"भाऊजी, मघापासून जातो जातो म्हणताय. गाडी उभी आहे."

साहेबाने बाईंना तपासलं दहा वाजता. गाडी दारात लागली सहा वाजता. ती कुणी सांगितली होती, हे मी पुढच्याच अंकात छापून विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.