भावाच्या वाट्याचं नवं

फिजी बेटांपैकी एका लहान बेटावर लेवुका नावाचं गाव आहे. तिथं मी छत्तीस दिवस राहिलो. जव्हार संस्थानातला एक शाळामास्तर इतक्या लांब जाऊन आला म्हणून परतल्यावर लोकांनी मला खूप विचारलं, आणि मीही खूप सांगितलं. बोटी कशा असतात, तिथली माणसं काय खातात, सगळं. एक गोष्ट तेवढी कुणालाच सांगितली नाही. जिला ती सांगायला हवी होती ती आता नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे.

मुळात ते तिकीट माझं नव्हतं. धाकट्या भावानं ते आईसाठी पाठवलं होतं.

हा भाऊ सतराव्या वर्षी जव्हारच्या एका मुसलमान सुतारमिस्त्रीबरोबर मुंबईच्या गोदीत कामाला गेला. तिथून आगबोटीवर सुतार म्हणून चढला आणि त्या बेटावर उतरला तो तिथलाच झाला. तिथं तो होड्या बांधायचा. वर्षातून दोनदा त्याचं पत्र यायचं. आईला अक्षर येत नसे, तेव्हा वाचायचं काम माझं. एकदा वाचून भागत नसे. "ते होडीचं परत वाच रं," ती म्हणायची. मी वाचायचो. दिवसभर पोरांना शिकवून घसा बसलेला असायचा, तरी त्याच्या होडीचं कौतुक मी माझ्याच तोंडानं चार-चार वेळा करायचो.

आमचं घर जामसरकडच्या एका पाड्यावर. आमच्याकडे शेतातलं पहिलं भात घरी आलं की ते आधी देवाला आणि वाडवडलांना दाखवायचं, मग घरच्यांनी खायचं. त्याला आम्ही 'नवं' म्हणतो. कुणी बाहेरगावी असेल तर त्याचा वाटा मडक्यात बाजूला ठेवायचा. तो दिवाळीपर्यंत येतो, आपल्या वाट्याचं खातो, आणि मडकं रिकामं होतं. भाऊ आला नाही. आई म्हणायची, "ज्यानं नवं खाल्लं नाही तो अजून वाटंवर आहे." तो खाईल तोवर आपणही भात तोंडात घालायचा नाही, असं तिनं धरलं. अकरा वर्षं तिनं नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि आंबील यांवर काढली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती पदरात बांधून आणलेली भाकरी सोडून बसायची.

आणि मी तिच्यासमोर बसून भात खायचो. शाळेतून रजा काढून भातरोपांची आवणी मीच केलेली असायची. कापणीही माझी. एका पावसाळ्यात तिला ताप आला तेव्हा पाठीवर घेऊन जव्हारच्या दवाखान्यात मीच नेलं होतं. ती मला भात वाढायची, पण वाढताना तिचं लक्ष त्या मडक्याकडे असायचं. माझ्यासाठी कुणी एक घासही सोडला नव्हता. सोडणार तरी कसा, मी कुठं गेलोच नव्हतो. हे मनात आलं की मला स्वतःची लाज वाटायची. तरी ते यायचं थांबायचं नाही.

तिकीट आलं तेव्हा आई हसली. "मी म्हातारी कुठं त्या खाऱ्या पाण्यात पडू? तू जा. माझ्या वाटचं बघून ये." मुंबईत बोटीच्या कचेरीत तिकिटावरचं नाव बदलून घेतलं. निघायच्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात दोन ओंजळी नवे तांदूळ बांधून माझ्या हातात दिले.

"तुझ्या हातानं शिजव. त्याला वाढ. पयला घास त्याच्या तोंडात जाईल तो तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि मला येऊन सांग."

तीन आगबोटी बदलून मी पोचलो. लेवुका म्हणजे समुद्राकाठचा एकच रस्ता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लाकडी दुकानांची रांग, आणि दुकानांच्या पाठीला लागूनच आमच्या जव्हारसारखे हिरवे डोंगर. पूर्वी म्हणे ही तिथली राजधानी होती. ती दुसरीकडे गेली आणि गाव निवांत झालं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही उभं राहत नसे. सगळीकडे वाळत घातलेल्या खोबऱ्याचा गोडसर वास. मला ते गाव इतकं आवडलं की त्याचाच राग आला.

भाऊ धक्क्यावर उभा होता. मी उतरलो तर त्यानं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"आई?"

"ती नाही आली. मी आलोय."

मग त्यानं मला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले, माझी ट्रंक स्वतः उचलली. पण आधी त्यानं मागं पाहिलं होतं.

त्याची बायको गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आलेल्या उत्तरेकडच्या माणसाची मुलगी. माझ्या ताटात अळूचे उकडलेले कंद आणि नारळाच्या दुधातली मासळी वाढत ती म्हणायची, "भैया, खाव ना, सरमाव मत." भाऊ कधी मराठीत, कधी तिच्या बोलीत, कधी बेटावरच्या लोकांच्या भाषेत बोलायचा आणि तिन्हींत लोकांना हसवायचा. तिथल्या चर्चचं घड्याळ प्रत्येक तासाचे ठोके दोनदा देतं. मी कारण विचारलं.

"पयले ठोके कामावरच्या माणसांना," तो म्हणाला. "दुसरे तुझ्यासारख्या मास्तरांना. चूक काढायला."

त्याची बायको हसली. मीही हसलो. रस्त्यानं त्याच्याबरोबर चाललं की दर चार पावलांवर कुणीतरी हाक मारायचं. एक म्हातारा कोळी रोज त्याच्या दाराशी मासा टांगून जायचा, त्याबद्दल काही घ्यायचा नाही. जव्हारात मला लोक वाकून 'मास्तर' म्हणत. इथं मी फक्त 'उसका भाई' होतो.

पुरचुंडी ट्रंकेतच होती. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या शिजवू. मग परवा. एक-एक करत वीस दिवस गेले.

एकविसाव्या दिवशी त्याची नवी होडी पाण्यात उतरली. सगळा रस्ता काठावर जमला होता. होडीत पहिलं पाऊल त्यानंच ठेवायचं असा लोकांचा आग्रह. त्याच्या गळ्यात फुलांची माळ घातली. मग कुणाला तरी आठवण झाली आणि उरलेली एक माळ माझ्याही गळ्यात आली. घरी परतताना तो म्हणाला, "आज आई पायजे होती." सरळ मनानं म्हणाला. मला मात्र वाटलं, दोन समुद्र ओलांडून मी आलो तरी याला मी दिसत नाही. आईलाही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेला, बायको माहेरी गेली. मी मागच्या चुलीवर तांदूळ शिजत घातले. त्याच्यासाठीच शिजवतो आहे असं मी पातेलं ठेवताना स्वतःला सांगितल्याचं आठवतं. वाफ आली आणि तिच्याबरोबर आमच्या खाचरांचा, आमच्या घराचा वास आला. मी पान मांडलं नाही. मीठही घेतलं नाही. चुलीपाशी उकिडवा बसून पातेल्यातूनच सगळा भात खाल्ला. तोंड भाजलं तरी थांबलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणासाठी तरी राखलेला वाटा मी खात होतो, आणि खोटं कशाला लिहू, तो मला गोड लागला.

हात धुतो तोच भाऊ दारात. रंधा विसरला होता. तो आत आला आणि जागीच थांबला.

"दादा, हा वास कशाचा?"

तो वास घेत मागच्या दारी आला. पातेलं उचललं, बोटांनी तळाची खरवड काढली, तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"आपलं आहे हे. घरचं!" त्यानं पुन्हा बोटं फिरवली. "एवढंच होतं?"

"एवढंच."

"आईनं दिलं?"

अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "नाही. मीच चार दाणे घेतले होते, वाटेत शिदोरीला."

तो हसला. "मला का नाही वाढलंस रे, हावऱ्या?" पण पातेलं त्यानं खाली ठेवलं नाही. खरवड संपेपर्यंत तसाच उभा राहून खात होता. मग रंधा घेऊन गेला.

पुढं आणखी चौदा दिवस मी त्याच्या घरी जेवलो. सांगायला रोज जागा होती. निघताना धक्क्यावर तो म्हणाला, "आईला सांग, मी मजेत आहे. आणि तिनं काही..." मग मान हलवली. "राहू दे. एवढंच सांग."

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात नागली पाखडत होती. पायावर पाणी घालायच्या आधी तिनं विचारलं, "खालं का त्यानं?"

"खाल्लं."

"तुझ्यासमोर?"

"समोर."

"काय म्हणला?"

"'एवढंच होतं?' म्हणाला."

आई मोठ्यानं हसली. "पयल्यापासून अधाशी ते!" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. वाटेत बोटीवर मी हेच जुळवत आलो होतो.

त्याच दिवशी तिनं भात शिजवला. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. पहिला घास तिला नीट चावता येईना. दात गेले होते, सवयही गेली होती. तिनं तो तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाली, "आता तो पोचला." मग माझ्याकडे पाहिलं, अगदी निवांत, आणि माझ्या ताटात अजून भात वाढला. कितीतरी वर्षं मला हेच हवं होतं. मी मान खाली घालून जेवलो.

पुढच्या सुगीला नवं आलं. मी देवाला दाखवलं. आईनं पानं मांडली ती दोनच. मडक्याकडे ती गेलीच नाही. मी विचारलं, "त्याचा वाटा?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "खालं ना त्यानं. जे पोचलं त्याची वाट बघायची नसते."

ती आणखी चार वर्षं जगली. त्या मडक्यात तिनं पुढं मीठ भरलं.