द्राक्षांच्या पेटीतला कागद

द्राक्षांची पेटी उघडली की विझलेल्या काडीसारखा जो वास नाकात चढतो, तो मला आजही सहन होत नाही. नाशिकला ताईच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. भाचीच्या हॅमस्टरसाठी भाचीने आणि मी दुकानं पालथी घालून पसरट, सपाट तळाचा पिंजरा निवडला होता; बिळं करता यावीत म्हणून आत कागदी कात्रणांचा जाड थर घातला होता. मी पोचलो तेव्हा तो पिंजरा बाल्कनीत टाकलेला दिसला. हॅमस्टर हॉलमध्ये, मेलेल्या लव्हबर्ड्सच्या सोनेरी पिंजऱ्यात होता. गजांवर वाळलेली जुनी विष्ठा, खाली मुताने भिजलेला पिवळा लगदा. "तुमचा पिंजरा सोफ्याजवळ शोभत नव्हता," दाजी म्हणाले. त्यांचा द्राक्षांचा व्यापार. "आणि पाहुण्यांना वास नको, म्हणून आपला पेटीतला कागद अंथरला. त्याने द्राक्षं महिना महिना टिकतात!" तो कागद गंधकाचा वायू सोडतो, ओल लागली की जास्तच. हॅमस्टर गजांतून नाक बाहेर काढून शिंकत होता, डोळे चिकटले होते. "दाजी, अहो, त्याला श्वास घ्यायचाय, टिकायचं नाहीये!" मी ओरडलो. ते हसले आणि पेढ्यांचं ताट पुढे केलं. भाचीने त्याला ओंजळीतून बाल्कनीतल्या पिंजऱ्यात नेऊन सोडलं. तो कात्रणांत खोल शिरला आणि संध्याकाळी तिथेच ताठ झालेला सापडला. दाजी अजून दर हंगामात मला पेटी पाठवतात. द्राक्षं अगदी छान टिकलेली असतात. मी ती तशीच कचऱ्यात ओततो.