फलकावरची आई

आमच्या वळ गावच्या नाक्यावर विरोधी गटाचा काळा फलक होता. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की त्यावर रंगीत खडूंनी व्यंगचित्रं निघायची. त्या वर्षी बाबा उभे होते, म्हणून चित्रंही त्यांचीच. काढणारा गोडाऊनच्या पाट्या रंगवायचा, खडू भिवंडीहून आणायचा आणि सणावाराला आमच्याकडे जेवायचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

पहिल्या चित्रात बाबांचं पोट म्हणजे गोडाऊन होतं आणि बेंबीतून ट्रक आत शिरत होता. लोक खदखदून हसले. नाक्यावर उभे राहून बाबाही हसले. हसवणाऱ्या चित्राने मत फिरत नाही, उलट माणूस जवळचा वाटू लागतो. त्या नालायकाला हे आमच्याआधी कळलं.

दुसऱ्या चित्रात हसण्यासारखं काही नव्हतं. बाबा एका म्हातारीच्या गळ्यात दोरी बांधून तिला बाजाराकडे ओढत होते. म्हातारी म्हणजे जमीन, काळी आई. खाली तसं लिहिलंच होतं. पण हिरवं लुगडं आणि नाक माझ्या आजीचं होतं. चित्र फार चांगलं होतं, म्हणूनच मला अजून त्याचा संताप येतो. गोडाऊनसाठी जमिनी सगळ्या गावाने विकल्या होत्या. त्याच पैशांच्या गाड्यांतून उतरून लोक फलकापुढे हळहळायचे. एकाने तर डोळे पुसले. त्याची स्वतःची आई मागच्या पडवीत पडून असायची.

कुणीतरी आजीला मुद्दाम नाक्यावर नेलं. तिला वाचता येत नव्हतं. घरी येऊन तिने बाबांना विचारलं, "मना दोरी कशाला बांधली रं?"

"आये, ती तू न्हाय. चित्र हाय निस्तं, राजकारणाचं."

"मंग नाक माझं कसं?"

जमीन विकताना तिने हसत अंगठा दिला होता. नव्या घराच्या लाद्या तिनेच पसंत केल्या होत्या. आता त्याच लाद्यांवर बसून ती शेजारणींना सांगू लागली, "मना कोनी विचारलंच न्हाय." ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवू लागलं होतं. शेजारणी आमचा चहा पीत, मान हलवत ऐकायच्या आणि जाताना माझ्या आईकडे बघायच्याही नाहीत.

मतदानाच्या दिवशी बाबा आजीला शाळेत घेऊन आले. पायऱ्यांपाशी त्यांनी नेहमीसारखा तिचा हात धरला. रांगेतलं सगळं गाव बघत होतं.

"हात सोड," ती म्हणाली. "मी चालन माझी."

बाबांनी हात सोडला. ती कठड्याला धरून धापा टाकत वर चढली. मागे रांगेत कुणीतरी समाधानाने म्हणालं, "शेवटी आईला सगलं कलतंय."

निकाल ऐकायला बाबा गेले नाहीत.